सरकारी विज्ञान संस्थेच्या संचालक मंडळावर जाण्यापूर्वी

भातलावणी सुरू झाली की भिवंडी, शहापूर, वाडा या तालुक्यांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. रात्री पडघ्याकडून किंवा वज्रेश्वरीकडून रुग्णाला घेऊन नातेवाईक भिवंडी शहरातल्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात पोहोचतात. तेव्हा डॉक्टरांच्या हाताशी प्रतिविषाच्या कुप्या असाव्या लागतात. एका कुपीने भागत नाही, उपचाराची सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी होते. गावात याला सरळ ‘सापाचे इंजेक्शन’ म्हणतात. देशात ते बनवणारे मोजकेच आहेत आणि त्यांपैकी एक आपल्या राज्य सरकारच्या मालकीचा आहे. परळचे हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ.

ही कुपी बनवतात शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ. ज्या घोड्यांच्या रक्तापासून प्रतिविष बनते त्यांच्यावर किती खर्च करायचा, जुने यंत्र कधी बदलायचे, कुठला करार स्वीकारायचा, हे मात्र संचालक मंडळात ठरते. तिथे सचिव आणि अधिकारी बसतात, आणि शासनाने बाहेरून नेमलेली काही माणसेही बसतात. उद्या अशा नेमणुकीचे पत्र तुम्हालाही येऊ शकते. भिवंडीत यंत्रमागधारक आहेत, सायझिंगवाले आहेत, सनदी लेखापाल, डॉक्टर, रसायनशास्त्राचे प्राध्यापक, शीतगृहे आणि गोदामे चालवणारे उद्योजक आहेत. कारखाना चालवणे, माल वेळेत पोहोचवणे आणि उधारीचा हिशोब ठेवणे ज्यांना कळते, अशी माणसे या मंडळांवर कमी दिसतात. ती जायला हवीत, असे माझे ठाम मत आहे. पण आधी काय समजून घ्यायचे ते नीट पाहू.

पहिला प्रश्न असा की तुम्हाला नेमके कुठे बोलावले आहे? परळच्या एकाच आवारात ‘हाफकिन’ नावाच्या दोन वेगळ्या संस्था आहेत. हाफकिन प्रशिक्षण, संशोधन व चाचणी संस्था ही एक, आणि १९७५ पासून लस व औषधनिर्मितीचे काम वेगळे काढून पाहणारे महामंडळ ही दुसरी. महामंडळ ही कंपनी कायद्याखालची सरकारी कंपनी आहे. ज्या कंपनीत किमान ५१ टक्के भागभांडवल सरकारचे असते ती सरकारी कंपनी, अशी कायद्याची व्याख्या आहे. केंद्राची वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे जिची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पुण्यात आहे ती सीएसआयआर, मात्र कंपनी नाही. ती १९४२ मध्ये स्थापन झालेली नोंदणीकृत सोसायटी आहे आणि पंतप्रधान तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. आपल्या कापडाच्या धंद्याला जवळच्या संस्था तिसऱ्या प्रकारच्या. वरळीची सस्मिरा १९५० ची, घाटकोपरची बीटीआरए १९५४ ची. या उद्योगाने उभ्या केलेल्या, वस्त्रोद्योग मंत्रालयाशी जोडलेल्या संशोधन संस्था आहेत आणि त्यांच्या कारभारात कापड उद्योगातली माणसे असतात. यंत्रमागवाल्याने या कामाची ओळख करून घ्यायची असेल तर हे दार सर्वांत जवळचे आहे. सोसायटीच्या नियामक मंडळावर आणि कंपनीच्या संचालक मंडळावर जबाबदाऱ्या सारख्या नसतात. म्हणून पत्र आल्यावर त्या संस्थेची घटना किंवा कंपनीचे नियमपत्र आधी मागवा. सरकार मंडळाला थेट निर्देश देऊ शकते का, किती रकमेपर्यंतचे अधिकार मंडळाकडे आहेत, हे त्यातच लिहिलेले असते.

इथून पुढचे मुख्यतः सरकारी कंपनीविषयी लिहितो, कारण कायद्याने जबाबदारी सर्वांत जास्त तिथे येते.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात. संचालक ओळख क्रमांक काढावा लागतो, लेखी संमती द्यावी लागते, अपात्र नसल्याचे घोषित करावे लागते. स्वतंत्र संचालक म्हणून जायचे असेल तर मानेसरच्या भारतीय कॉर्पोरेट व्यवहार संस्थेच्या माहितीसाठ्यात नाव नोंदवावे लागते आणि अनुभवाची सूट नसेल तर ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते. भिवंडीतला कुठलाही कंपनी सचिव हे दोन दिवसांत मार्गी लावून देईल.

जास्त विचार करायचा तो निष्ठेचा. राज्याच्या महामंडळांवरच्या अशासकीय नेमणुका बरेचदा राजकीय शिफारशीने होतात, हे आपल्याला माहीत आहे. तुमचे नाव कुणी सुचवले याची लाज बाळगण्याचे कारण नाही. पण २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १६६ एकदा मराठीत समजावून घ्या. संचालकाने सद्भावनेने कंपनीची उद्दिष्टे पुढे न्यायची आणि कंपनी, तिचे कर्मचारी, भागधारक, समाज व पर्यावरण यांचे हित पाहायचे, असे ते सांगते. शिफारस करणाऱ्या आमदाराचा किंवा मंत्र्याचा उल्लेख त्यात कुठेही नाही. मंत्रालयातून फोन आला म्हणून ठरावाला हात वर केला, हा बचाव पुढे कुठल्याही चौकशीत चालत नाही. सरकार मालक आहे आणि मालकाला धोरण ठरवायचा अधिकार आहे. पण ते धोरण लेखी निर्देश म्हणून येऊ द्या आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.

याच जोडीने हितसंबंधांचे. भिवंडीच्या माणसाला हा धोका इतरांपेक्षा जास्त आहे, कारण आपल्या गावाचा धंदाच साठवणूक, वाहतूक आणि कापडाचा. काल्हेर, दापोडे, मानकोली पट्ट्यात तुमचे किंवा मेहुण्याचे गोदाम असेल, भावाचे ट्रक असतील, चुलत्याचा खोक्यांचा कारखाना असेल. औषध कंपनीला हे सगळे लागते. कलम १८४ प्रमाणे तुमचा संबंध असलेल्या प्रत्येक कंपनीची, भागीदारीची माहिती पहिल्याच बैठकीत आणि नंतर दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बैठकीत लेखी द्यावी लागते. तो विषय निघाला की चर्चेतून बाहेर राहावे लागते. माझा सल्ला कायद्याच्या एक पाऊल पुढचा आहे. तुम्ही मंडळावर असेपर्यंत घरच्या कुठल्याही व्यवसायाने त्या कंपनीची निविदा भरू नये. भाच्याला कंत्राटी कामावर लावा, असा फोन भांडार अधिकाऱ्याला करू नये. असा एक फोन केला की त्याच अधिकाऱ्याला साठ्याचा हिशोब विचारण्याचा तुमचा अधिकार संपला.

आता विज्ञानाकडे येऊ. ‘मला त्यातले काय कळते?’ असे म्हणून अनेक चांगली माणसे बैठकीत गप्प बसतात. गप्प बसण्याचे कारण नाही. प्रतिविष कसे बनते ते पाहा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष घोड्यांना अगदी अल्प मात्रेत, वाढवत वाढवत टोचतात. घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. मग रक्तद्रव काढून शुद्ध करतात, कुप्यांत भरतात आणि चाचण्या करतात. याला महिने लागतात. म्हणजे ऑक्टोबरच्या बैठकीत विषखरेदीचा प्रस्ताव गणपूर्तीअभावी पुढे ढकलला गेला, तर त्याची झळ पुढच्या पावसाळ्यात लागू शकते. हे कळायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. सूत कधी मागवले तर ताणा कधी लागेल हे ज्याला कळते त्याला हे चांगलेच कळते.

त्याच्याही पुढचा प्रश्न विचारा. हे विष कुठल्या सापांचे? देशातल्या प्रतिविषासाठी लागणारे बरेच विष तमिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येत आले आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रदेशात वेगळे असू शकते, हे संशोधनातून दिसले आहे. मग आपल्या कुपीची परीक्षा कोकणातल्या आणि देशावरच्या घोणसच्या विषावर घेतली आहे का? घेतली असेल तर अहवाल कुठे आहे, नसेल तर त्याला किती खर्च येईल? शास्त्रज्ञांना असे प्रश्न आवडतात. आपल्या कामात कुणीतरी खरे लक्ष घालते आहे, हे त्यांना जाणवते. कागदपत्रे इंग्रजीत असतील, तरी प्रश्न मराठीत विचारा. महाराष्ट्र शासनाच्या कंपनीत त्यात संकोच कसला?

प्रयोगशाळेत ढवळाढवळ मात्र करायची नाही. कुठली पद्धत वापरायची हे शास्त्रज्ञ ठरवतील. पद्धत बदलली तर तो बदल कुणी, कधी, कशाच्या आधारे मंजूर केला, याची नोंद आहे ना, एवढे मंडळाने पाहायचे. या नोंदींची किंमत काय असते हे ज्यांच्या नावाने ही संस्था आहे त्या वाल्डेमार हाफकिन यांच्याच आयुष्यात दिसते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेग प्रयोगशाळा आली. मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. मुंबईच्या प्रयोगशाळेने त्याआधी निर्जंतुकीकरणाच्या पद्धतीत बदल केला होता, कार्बोलिक आम्ल वगळून उष्णतेवर भर दिला होता. संशय तिथेच गेला आणि हाफकिन यांना पदावरून बाजूला केले गेले.

नंतर कळले ते वेगळेच. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि १९०७ मध्ये त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. १९२५ मध्ये, ते हयात असतानाच, प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. पण कामाच्या ऐन भरातली पाच वर्षे गेली ती गेलीच. तुम्ही मंडळावर असताना एखाद्या लसीची तक्रार आली, तर पहिल्या तासात कुणाला निलंबित करायचे याची चर्चा सुरू होईल. वर्तमानपत्रे विचारतील, विधानसभेत प्रश्न लागेल. तेव्हा तुम्ही त्या बॅचची पूर्ण नोंद मागा. कारखान्यातली, वाहतुकीतली आणि जिथे कुपी उघडली तिथलीही. बॅच थांबवायची असेल तर लगेच थांबवा. रुग्णाच्या जिवापुढे दुसरा विचार नाही. मात्र माणसाला दोषी ठरवायला नोंदी वाचून होईपर्यंत थांबा.

दुसरा प्रसंग आपल्या काळातला आहे. जानेवारी २००८ मध्ये कसौली, कुन्नूर आणि चेन्नईतले गिंडी या तीन ठिकाणच्या केंद्र सरकारच्या लसनिर्मिती संस्थांचे परवाने स्थगित झाले. उत्तम उत्पादन पद्धतीचे निकष त्या पूर्ण करत नव्हत्या. या जुन्या, नावाजलेल्या संस्था होत्या आणि राष्ट्रीय लसीकरणाला मोठा पुरवठा त्यांच्याकडून होत होता. परवाने परत मिळायला २०१० उजाडले. सरकारच्याच औषध नियंत्रकाने सरकारच्याच संस्थांना थांबवले होते. ‘आपण सरकारी, आपल्याला कोण बंद करणार?’ हा समज अजूनही अनेक मंडळांत असतो. त्यामुळे प्रत्येक बैठकीत एक गोष्ट न चुकता विचारा: मागची तपासणी कधी झाली, त्यात काय त्रुटी निघाल्या आणि त्यांपैकी किती दूर झाल्या? औषधनिर्मितीचे निकष सांगणारे ‘अनुसूची एम’ डिसेंबर २०२३ मध्ये नव्याने, अधिक कडक होऊन आले आहे. त्याप्रमाणे इमारत, हवा-पाण्याची व्यवस्था, नोंदी बदलायला पैसा लागतो आणि तो अंदाजपत्रकात आधी धरावा लागतो. नफा दाखवण्यासाठी हा खर्च पुढच्या वर्षावर ढकलण्याचा मोह होतो. त्याला विरोध करा आणि तो विरोध लिहून घ्या.

मोठ्या घोषणांच्या वेळीही डोके शांत ठेवावे लागते. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत हाफकिन महामंडळाला कोव्हॅक्सिनच्या उत्पादनासाठी निवडले गेले आणि केंद्राने सुमारे ६५ कोटी रुपयांचे अनुदान देऊ केले. त्या दिवसांत ते योग्यच होते. पण अशा वेळी मंडळातल्या कुणीतरी विचारायला हवे की साथ ओसरल्यावर या लसीसाठी उभा राहणारा विभाग कुठले उत्पादन घेईल, त्याचा खर्च कोण उचलेल? पोलिओबाबतही तसेच. मुखावाटे द्यायची पोलिओची लस हा हाफकिनचा मोठा आधार. २०११ नंतर देशात पोलिओचा नैसर्गिक रुग्ण नाही, मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. ही देशाची अभिमानाची गोष्ट आहे आणि हाफकिनच्या कामगारांचा त्यात मोठा वाटा आहे. पण ज्या मालावर कंपनी उभी आहे त्याची गरज त्या मालाच्या यशामुळेच कमी होत जाणार, हे ताळेबंदात आपोआप दिसत नाही. ते मंडळाने दहा वर्षे आधी पाहायचे असते.

शासन नवे काम अंगावर टाकते तेव्हाही विचारावे लागते. २०१७ मध्ये राज्याच्या रुग्णालयांसाठी औषधे आणि उपकरणे खरेदी करण्याचे काम हाफकिन महामंडळाकडे दिले गेले. २०२३ मध्ये त्यासाठी कायद्याने वेगळे प्राधिकरण झाले. लस बनवणाऱ्या कंपनीने हजारो वस्तूंच्या निविदा काढाव्यात का? त्यासाठी माणसे किती मिळणार, उशीर झाल्यास बोल कुणाला लागणार? माझ्या मते हे दोन वेगळे धंदे आहेत आणि एकाच्या ओझ्याखाली दुसरा दबतो. असे काम येते तेव्हा मंडळाने अटी लेखी मांडल्या पाहिजेत.

आणखी एक उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे, अंतराळ विभागाच्या मालकीच्या अँट्रिक्स कंपनीचे. जानेवारी २००५ मध्ये तिने देवास या कंपनीशी उपग्रहाच्या मौल्यवान एस-बँड लहरींचा करार केला. २०११ मध्ये सरकारने तो रद्द केला. मग देशात आणि परदेशात वर्षानुवर्षे खटले चालले. जानेवारी २०२२ मध्ये देवासची स्थापनाच फसवणुकीच्या हेतूने झाल्याचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. करार समोर आला की दुसऱ्या बाजूची कंपनी कधी स्थापन झाली, तिचे भांडवल किती, तंत्रज्ञान खरोखर तिच्याकडे आहे का, हे विचारायचे. व्यापाऱ्याला नव्या गिऱ्हाइकाची पत काढायची सवय असते. ती सवय खुर्चीत बसल्यावर सोडू नका.

बैठकांचे नियम सोपे आहेत. वर्षाला किमान चार बैठका, दोन बैठकांमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर नाही, सात दिवसांची नोटीस. बारा महिन्यांतल्या सगळ्या बैठका चुकवल्यात, तर रजा घेतलेली असली तरी पद जाते. बैठकीच्या विषयांची टिप्पणी आदल्या रात्री हाती आली तर विषय पुढच्या बैठकीत घ्या असे म्हणायला कचरू नका. बैठकीनंतर इतिवृत्ताचा मसुदा पंधरा दिवसांत यायला हवा आणि दुरुस्तीसाठी सात दिवस मिळतात. ते सात दिवस वाया घालवू नका. ठाणे-परळ प्रवास करून बोललेले शब्द मसुद्यात नसतील तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही बोललाच नाहीत. कलम १४९ मधली तरतूद अशी आहे की कामकाज न पाहणाऱ्या संचालकाला, जे त्याच्या माहितीत मंडळाच्या कामकाजातून आले आणि ज्याला त्याची संमती किंवा मूकसंमती होती, किंवा जिथे त्याने पुरेशी दक्षता घेतली नाही, त्यासाठीच जबाबदार धरता येते. दक्षता घेतल्याचा पुरावा म्हणजे तेच इतिवृत्त.

सरकारी कंपनीचा लेखापरीक्षक भारताचा नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, नेमतो आणि त्यानंतर स्वतः पूरक तपासणीही करू शकतो. विधिमंडळाची सार्वजनिक उपक्रम समिती साक्षीला बोलावते. माहिती अधिकारही लागू असतो. याला घाबरू नका. कॅगचे आक्षेप हे बाहेरच्या संचालकाला फुकट मिळालेले अभ्यासाचे साहित्य आहे. मागचे आक्षेप काढा, प्रशासनाने काय उत्तर दिले ते पाहा आणि तेच उत्तर दरवर्षी शब्द बदलून येते आहे का ते तपासा.

शेवटची गोष्ट माणसांची. अशा कंपन्यांत व्यवस्थापकीय संचालक बहुधा प्रशासकीय सेवेतून येतो आणि त्याची बदली केव्हाही होते. नवा अधिकारी येतो, घडी बसवतो, जातो. शास्त्रज्ञ आणि कामगार तिथेच असतात, पण मंडळाच्या खोलीत ते नसतात. दोन-तीन वर्षे टिकणारा अशासकीय संचालक हाच मंडळात मागचे लक्षात ठेवणारा माणूस ठरतो. म्हणून वर्षातून एकदा तरी, व्यवस्थापकीय संचालकाला सांगून, हाफकिनच्या पिंपरीतल्या घोड्यांच्या तबेल्यात जा, कुप्या भरण्याचा विभाग बाहेरून पाहा, शीतगृहाच्या तापमानाची वही चाळा. परत आल्यावर आपल्याच तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते, हेही विचारा. मंत्रालयातून आलेल्या सदस्याकडे ही माहिती नसते. तुमच्याकडे असेल.

नेमणुकीचे पत्र आले तर सही करण्याआधी मागच्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल मागवा. राज्याच्या सरकारी कंपनीने ते लेखापरीक्षणासह विधिमंडळासमोर ठेवावेत, असा कायदा आहे. तरी अनेक उपक्रमांचे हिशोब वर्षानुवर्षे थकलेले असतात. ते मिळाले तर वाचून मगच संमती द्या. मिळाले नाहीत आणि तरीही जायचे ठरवलेत, तर पहिल्या बैठकीतला तुमचा पहिला प्रश्न तोच असू द्या.